अठरा तासांच्या मागची व्यवस्था : बाबासाहेबांचे प्रबंध आणि त्यांची ग्रंथालये

एप्रिल महिना आला की ठिकठिकाणच्या विद्यापीठांत आणि अभ्यासिकांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांच्या प्रतिमेला वंदन होते, सकाळी मुले-मुली बसतात आणि रात्री उशिरा उठतात. उपक्रम चांगलाच आहे, आम्हीही त्यात अनेकदा बसलो आहोत. पण संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसोबत काम करताना आम्हाला एक गोष्ट सारखी खटकते. अठरा तास वाचणारे बाबासाहेब आपल्या डोळ्यांसमोर पक्के आहेत. ते कोणत्या टेबलावर वाचत होते, ते पुस्तक त्यांच्या हातात कोणी ठेवले, त्या महिन्याच्या जेवणाचे पैसे कोठून आले, मुदत संपल्यावर ती कोणी वाढवून दिली, हे मात्र आपण फारसे सांगत नाही. मग पीएचडीला अडकलेल्या मुलाला वाटते की आपलीच जिद्द कमी पडली. म्हणून बाबासाहेबांचे चरित्र येथे त्यांच्या प्रबंधांच्या बाजूने सांगतो आहोत.

सुरुवात परळच्या चाळीतली. रामजी सुभेदारांचे कुटुंब एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत झोप आणि त्याच खोलीत अभ्यास. मुलाला जागा आणि शांतता मिळावी म्हणून रामजी त्याला संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला उठवून स्वतः आडवे होत. पुस्तक घ्यायला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन दागिना मागत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून देत. बाबासाहेबांची पहिली अभ्यासिका ही अशी होती आणि तिची व्यवस्था बघणारा माणूस निवृत्त सुभेदार होता.

दुसरा माणूस कृष्णाजी अर्जुन केळुसकर. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज पुस्तक घेऊन बसतो हे या शिक्षकाच्या लक्षात आले. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात पैशांअभावी शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकणारेही केळुसकरच. चांगला ग्रंथपाल वाचकाला पुढच्या दारापर्यंत नेऊन सोडतो. केळुसकरांकडे ग्रंथपालाचे पद नव्हते, काम मात्र त्यांनी तेच केले.

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी वारले. त्याच वर्षी बडोदा संस्थानाने भीमरावांना अमेरिकेत शिकायला पाठवले. शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

येथे जरा थांबू, कारण कोलंबियात त्यांना जे मिळाले त्याचे वर्णन आपल्याकडे बहुधा स्वातंत्र्याची हवा एवढ्यावरच संपते. ती हवा होतीच. अस्पृश्य म्हणून कोणी दूर बसवत नव्हते, पाण्याच्या भांड्याला हात लावला म्हणून कोणी ओरडत नव्हते. पण त्याबरोबर एक पद्धतही होती. विद्यापीठाच्या मधोमध घुमटाची लो लायब्ररी होती. विद्यार्थ्याने आपला पेपर सर्वांसमोर वाचायचा, त्यावर चर्चा झेलायची आणि मग सुधारायचा, असे सेमिनार होते. शिकवायला एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई यांच्यासारखे अध्यापक होते. सेलिग्मन सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे तज्ज्ञ आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकांचे नामांकित संग्राहक. त्यांचा तो संग्रह पुढे १९२९ साली कोलंबियानेच विकत घेतला. पुस्तकांच्या बाबतीत गाईड आणि विद्यार्थी एकाच पिंडाचे होते, असे म्हणायला हरकत नाही.

तीन वर्षांत बाबासाहेबांनी विषयही किती घेतले पाहा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, शिवाय राज्यशास्त्र आणि फ्रेंच-जर्मनची तोंडओळख. १९१५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था या विषयावर लिहून ते एमए झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा हा निबंध अभ्यासक्रमाच्या कडेला कोठेतरी होता. जातीची यंत्रणा स्त्रीच्या लग्नावर आणि आपल्याच गटात लग्न करण्याच्या बंधनावर कशी चालते, याची त्यातली मांडणी आजही ताजी आहे. ती पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने सेमिनारसाठी लिहिली होती. सेमिनार नावाची गोष्ट नीट चालली तर त्यातून काय निघते, याचा हा पुरावा. आपल्याकडे कित्येक विभागांत प्रगती अहवालावर सही झाली की सेमिनार झाला असे मानतात.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीवरचा प्रबंध पीएचडीसाठी कोलंबियाला दिला आणि ते लंडनला गेले. ब्रिटिश हिंदुस्थानच्या पैशांचा हिशेब ज्या कागदांत होता ते कागद तेथेच होते. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, संसदेचे अहवाल, सरकारी निळी पुस्तके. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव नोंदवले. सेलिग्मन यांनी लंडनच्या अध्यापकांना पत्रे लिहून या विद्यार्थ्याची ओळख करून दिली होती. गाईडचे एक पत्र किती दारे उघडते हे ज्याने शिफारसपत्रासाठी सहा-सहा महिने चकरा मारल्या आहेत त्यालाच कळेल.

आणि मग शिष्यवृत्तीची मुदत संपली. संस्थानाने परत बोलावले. प्रबंध अर्धवट, बॅरिस्टरी अर्धवट. फेलोशिप बंद झाल्यावर आजही विद्यार्थी ज्या टप्प्यावर गळतात तो हाच टप्पा. बाबासाहेब गळाले नाहीत त्याचे एक कारण त्यांची जिद्द, आणि दुसरे तितकेच महत्त्वाचे कारण म्हणजे लंडन विद्यापीठाने दिलेली परवानगी. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल, असे त्यांना मंजूर झाले. त्यात प्रा. एडविन कॅनन यांची मदत होती. ही मुदत मिळाली नसती तर पुढचे काहीच झाले नसते.

पहिले महायुद्ध चालू होते. सामान वेगळ्या जहाजाने पाठवले होते, ते जहाज पाणतीराने बुडवले. त्यात त्यांची पुस्तके गेली, आणि कोलंबियाला दिलेल्या प्रबंधाचे स्वतःजवळचे हस्तलिखितही गेले. झेरॉक्स नव्हते, पेन ड्राईव्ह नव्हता. तीन वर्षांचे काम समुद्राच्या तळाशी. भरपाई मिळाली ती थोडीशी. लॅपटॉप चोरीला गेला म्हणून प्रबंध सोडायला निघालेल्या एका विद्यार्थिनीला आम्ही हा प्रसंग सांगितला होता. तिला धीर आला की नाही ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिने प्रत्येक प्रकरण स्वतःला ईमेल करायला सुरुवात केली.

सप्टेंबर १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्यात नोकरीला गेले. तेथे काय झाले ते आपल्या घराघरात ठाऊक आहे. कारकून आणि शिपाई लांबून फायली फेकत, पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हाकलले, शहरात राहायला खोली मिळाली नाही. यातली एक बाजू फार कमी बोलली जाते. याच सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून संस्थानात सार्वजनिक वाचनालयांचे जाळे विणायला घेतले होते. देशात दुसरीकडे कोठे नव्हते असे ते काम होते. महाराजांच्या दानतीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही गावागावात पुस्तक पोहोचवणाऱ्या त्या संस्थानाच्या राजधानीत कोलंबियाहून आलेल्या विद्वानाला रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. ग्रंथालय उघडले म्हणजे समाज उघडला असे होत नाही, हे आम्ही जे काम करतो त्यात रोज दिसते. हॉस्टेल नसलेल्या मुलीला रात्री दहापर्यंत उघडी असलेली अभ्यासिका काय कामाची?

मुंबईला परतल्यावर नोव्हेंबर १९१८ पासून ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगारातला पैसा-पैसा लंडनसाठी बाजूला पडत होता. घर रमाई सांभाळत होत्या, हातात मिळेल तेवढ्यात. जानेवारी १९२० मध्ये मूकनायक सुरू झाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि त्याच सुमारास त्यांनी नोकरी सोडली. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली. कोलंबियातला मित्र नवल भथेना याने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलैमध्ये ते पुन्हा लंडनच्या वाटेला लागले. प्रबंधाला लागलेल्या पैशांची बेरीज कधी कोणी केली तर त्यात एका महाराजांची शिष्यवृत्ती, दुसऱ्या महाराजांची मदत, एका पारशी मित्राचे कर्ज, प्राध्यापकाचा पगार आणि रमाईंनी मागे टाकलेल्या गरजा एवढे सगळे येईल. शेवटच्या रकान्यातला आकडा कोणत्याच कागदावर नाही.

लंडनचे ते दिवस म्हणजे आपल्या अठरा तासांच्या उपक्रमाचे मूळ. ब्रिटिश म्युझियमच्या गोल वाचनालयाचे दार उघडताना ते तेथे हजर असत आणि बंद होताना बाहेर पडत. दुपारचे जेवण नाही, कारण जेवायला पैसेही नव्हते आणि वेळही नव्हता. संध्याकाळी थोडे फिरून पुन्हा इतर ग्रंथालये, रात्री खोलीवर पुन्हा वाचन. भूक लागली की मित्राने दिलेले पापड भाजून खायचे. खोलीतला सोबती रात्री जागा झाला की हा माणूस दिव्याजवळ बसलेला दिसायचा.

हे सगळे खरे आहे आणि त्याला वंदनच केले पाहिजे. पण त्या गोल वाचनालयाकडेही पाहू. तेथे वाचकाचे तिकीट काढायला पैसे पडत नव्हते. एकदा तिकीट मिळाले की वसाहतीतून आलेला, खिशात दमडी नसलेला विद्यार्थी आणि लॉर्ड घराण्यातला संशोधक यांना टेबल सारखेच. सूचीत शोधायचे, चिठ्ठी भरायची, पुस्तक जागेवर येते. मागणी कोणी केली, त्याची जात कोणती, गाईड कोण, हे विचारायचे कारण नाही. भुकेल्या माणसाला अन्न त्या इमारतीने दिले नाही, पुस्तक मात्र नाकारले नाही. इकडे आम्हाला भेटणारे विद्यार्थी सांगतात की मूळ अहवाल पाहायचा तर विभागप्रमुखांची सही लागते, सहीसाठी गाईडचे पत्र लागते आणि गाईड दौऱ्यावर असतात. महिनाभर उपाशी राहायला तयार असलेला विद्यार्थी अशा चिठ्ठीपुढे हरतो.

जून १९२१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या वित्ताच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावरचा त्यांचा प्रबंध मान्य होऊन ते एमएस्सी झाले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा डीएस्सीचा प्रबंध त्यांनी सादर केला. मधल्या काळात जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले. मार्च १९२३ मध्ये कॅनन यांनी परत बोलावून घेतले, कारण परीक्षकांनी प्रबंध पुन्हा लिहून द्यायला सांगितले होते. साम्राज्याच्या चलन धोरणावरची टीका काहींना झोंबली होती. पैसे तर संपलेच होते. ते मुंबईला आले, येथे बसून मांडणी दुरुस्त केली, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, आणि ऑगस्टमध्ये प्रबंध पोस्टाने पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डीएस्सी मिळाली.

गाईड म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर हे पुस्तक उघडावे. प्रबंध डिसेंबर १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकाने छापला. त्याला प्रस्तावना कॅनन यांची आहे, आणि तीत त्यांनी आपल्या विद्यार्थ्याच्या बऱ्याच मतांशी आपण सहमत नसल्याचे सरळ लिहिले आहे. मत पटत नाही तरी प्रस्तावना लिहितो, मुदतीसाठी भांडतो आणि पदवी मिळेपर्यंत पाठ सोडत नाही, असा हा गाईड. आमच्या ओळखीत असे गाईड आहेत, नाहीत असे नाही. पण गाईडच्या विचाराचे नाव पहिल्या प्रकरणात आले नाही म्हणून सिनॉप्सिस परत आल्याच्या गोष्टी आम्ही जास्त ऐकल्या आहेत. पुस्तक बाबासाहेबांनी आपल्या आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केले. गहाण पडलेले दागिने त्या अर्पणपत्रिकेच्या मागे आहेत.

कोलंबियाच्या पीएचडीचे काय झाले? ती तर १९१६ पासून लटकलेली. त्या काळी कोलंबियाचा नियम असा होता की प्रबंध छापायचा आणि छापील प्रती विद्यापीठाला द्यायच्या, त्याशिवाय पदवी नाही. छपाईला पैसे लागतात, आणि मूळ हस्तलिखित समुद्रात गेलेले. लंडनमधून त्यांनी सेलिग्मन यांना कळवले आणि नव्याने लिहिलेला प्रबंध पुढे केला. तो १९२५ साली पी. एस. किंग यांनीच प्रसिद्ध केला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा हा ग्रंथ सयाजीरावांना अर्पण केला आहे आणि प्रस्तावना सेलिग्मन यांची आहे. १९२७ मध्ये कोलंबियाने पीएचडी दिली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेच हे वर्ष.

म्हणजे पहिला प्रबंध दिल्यापासून पदवी हातात येईपर्यंत अकरा वर्षे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला जास्तीत जास्त सहा वर्षे, अर्ज केल्यावर आणखी दोन, स्त्रियांना आणि दिव्यांगांना त्यावर आणखी दोन. छपाईचा नियम आता नाही, त्याच्या जागी शोधगंगेसाठी सॉफ्ट कॉपी आणि साहित्यचौर्य तपासणीचा अहवाल आहे. कामे बदलली, अडणारे लोक तेच राहिले. मराठीत लिहिणाऱ्याने जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून घेतलेले असते, युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, टायपिस्ट पुन्हा पानामागे पैसे मागतो आणि जमा करण्याची तारीख चार दिवसांवर आलेली असते. आमच्याकडे येणारे अर्धे फोन याच चार दिवसांतले असतात. ते ज्ञानाच्या कमतरतेचे फोन नसतात. संदर्भसूची कशी लावायची, फॉन्ट कोण बदलून देईल, फेलोशिपचा हप्ता आला नाही तर बाइंडिंगचे पैसे कोण देईल, एवढेच प्रश्न असतात. ग्रंथालयात संशोधकांसाठी एक माणूस आणि एक टेबल असेल तर यातले बहुतेक तेथल्या तेथे सुटतात. काही विद्यापीठांत ते आहे आणि फरक दिसतो.

बाबासाहेबांनी स्वतः पुढे काय केले ते यासाठी पाहण्यासारखे आहे. १९३० नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. नाव घेतले मगधाच्या प्राचीन राजधानीचे. घर बांधताना पुस्तकांचा विचार आधी झाला. पण खासगी संग्रहावर ते थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलाला शिकून कामावर जाता यावे. फोर्टमधल्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयाला त्यांनी आपली पुस्तके दिली. चर्नी रोडच्या बागेत बसावे लागलेल्या मुलाने पुढच्या मुलांसाठी छत आणि कपाटे उभी केली. केळुसकरांची पद्धतच त्यांनी संस्थेच्या रूपात आणली, असे आम्हाला वाटते.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाने त्यांना बोलावून एलएलडी ही सन्माननीय पदवी दिली. तोपर्यंत संविधानाचे काम झाले होते, मंत्रिपद सोडून झाले होते आणि शरीर थकले होते. त्या वर्षांत त्यांचे मन बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात होते. दिल्लीत २६ अलिपूर रोडच्या घरी नानकचंद रत्तू रात्री उशिरापर्यंत टाईप करत. सप्टेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. ग्रंथाच्या छपाईला खर्च फार होता. बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीच्या निमित्ताने सरकारने सुमारे पाचशे प्रती घ्याव्यात आणि ग्रंथालयांना व येणाऱ्या विद्वानांना द्याव्यात, अशी त्यांची विनंती होती. नेहरूंनी कळवले की जयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे. देशाचा पहिला कायदामंत्री, दोन डॉक्टरेट मिळवलेला माणूस, आणि पुस्तक ग्रंथालयात पोहोचावे म्हणून पाचशे प्रतींसाठी अर्ज करतो आहे.

ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. ५ डिसेंबरच्या रात्री या ग्रंथाची प्रस्तावना त्यांनी पुन्हा नजरेखालून घालण्यासाठी जवळ ठेवून घेतली. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ मध्ये आला. सरकारने न घेतलेले ते पुस्तक छापले सिद्धार्थ महाविद्यालयाने, आपल्या प्रकाशनाचा पहिला क्रमांक देऊन.